‘पूर इथं कुठं येतोय?’ म्हणणाऱ्या राजारामपुरीकरांनो!



गेल्या रविवारी मंडळानं पावसाळ्याच्या तयारीची बैठक बोलावली. साठ खुर्च्या मांडल्या, माणसं आली नऊ. बाकीच्यांचं उत्तर एकच, “आपण उंचावर हाय, पूर इथं कुठं येतोय?”

२००५, २०१९, २०२१: कोल्हापूरनं हे तीन महापूर बघितले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. यातल्या शेवटच्या दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या गल्लीत पूर नव्हता, पण नळालाही पाणी नव्हतं, कारण उपसा केंद्रंच बुडाली होती. पन्हाळीखाली घागरी लावल्या होत्या, विसरलात? तिसऱ्या मजल्यावरच्या आजी एका बादलीसाठी टँकरच्या रांगेत भिजत उभ्या होत्या. शिरोलीजवळ महामार्ग बंद होता. तेव्हा उंची कुठं कामाला आली?

आणि खाली साचणाऱ्या पाण्यात आपलाही वाटा आहे. अंगणातली माती काढून आपण फरशी घातली, पाणी मुरायला वीतभर जागा सोडली नाही. एक जोराची सर आली की लोंढा उतारानं परीख पुलाखाली आणि पुढं जयंती नाल्यात जातो. नदी फुगली की नाला पाणी मागं फेकतो आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत ऐन गणपतीच्या तोंडावर मूर्ती वाचवायची धावपळ उडते. त्याच मूर्ती आपण वाजतगाजत आणतो. लाज वाटली पाहिजे!

पुराचा दोष द्यायला अलमट्टी धरणाचं नाव सांगू नका. तो वाद सरकारं बघतील. तुमच्या दारातली गटार अलमट्टीनं तुंबवलेली नाही. “घरफाळा भरतोय, महापालिका बघेल” हेही पुरे झालं. गटारीत प्लॅस्टिक टाकणारा हात महापालिकेचा नसतो.

आता कामाचं. बांधकामाचा राडारोडा आजच उचला. अंगणातल्या चार फरशा तरी उखडा. गच्चीचं पाणी बोअरला सोडा. प्रत्येक गल्लीतले एकटे म्हातारे, आजारी माणसं यांची यादी मंडळाकडे द्या. बंधाऱ्यावर ३९ फुटांचा इशारा झाला की पिण्याचं पाणी भरून ठेवा आणि पूर बघायला घाटावर गर्दी करू नका. त्या गर्दीतून बोटी न्यायच्या कशा? २०१९ आणि २०२१ ला आमच्या पोरांनी रात्र-रात्र जागून पूरग्रस्तांना डबे पोचवले. ती पोरं याही वर्षी उभी राहतील, पण नऊ माणसांना राजारामपुरी सांभाळता येत नाही.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मंडळाच्या दारात या. गटारीपासून सुरुवात आहे. खोरं, पाटी घरून आणा.