स्थलांतरितांचे खेळ आणि गावची मैदाने

ऑस्ट्रेलियातून नोकरी-व्यापारासाठी आशियात आलेली मंडळी आपला खेळही बरोबर घेऊन आली आहेत. १८५९ साली मेलबर्न येथे ज्याचे नियम प्रथम लिहिले गेले, तो ऑस्ट्रेलियन फुटबॉल आज सिंगापूर, हाँगकाँग, जाकार्ता, बँकॉक येथे नियमाने खेळला जातो आणि या संघांची आशियाई अजिंक्यपद स्पर्धाही भरते. अठरा-अठरा गड्यांच्या या खेळाला लांबगोल, ऐसपैस मैदान लागते. दाटीच्या शहरांत ते कोठून मिळणार? तेव्हा रग्बीच्या मैदानावर, कमी गडी घेऊन भागविले जाते. दिवसभर कचेरीत बसलेला माणूस संध्याकाळी सरावाला येतो, वर्गणी भरतो आणि स्वतः खेळतो.

सातारा-सांगलीच्या वाचकाला या वृत्तात रस वाटावा, कारण स्थलांतर हे या दोन जिल्ह्यांच्या पूर्व भागाचे जुने प्राक्तन आहे. माण, खटाव, खानापूर, आटपाडी हे अवर्षणाचे तालुके. जिराईत शेतीवर पोट भरेना, म्हणून येथील माणसे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात शिरली. जुने दागिने वितळवून, तेजाबाने शुद्ध करून देणारा विटा-आटपाडीकडचा कारागीर आज केरळ-तामिळनाडूपासून उत्तर प्रदेश-बिहारपर्यंतच्या सराफपेठांत भेटतो. त्याचाही एक खेळ आहे, तो म्हणजे कुस्ती. मात्र त्याने तो बरोबर नेला नाही. खेळ गावी ठेवला आणि त्याच्यासाठी पैसा पाठविला.

गावच्या यात्रेला हा पैसा डोळ्यांना दिसतो. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांचा रथ तर भाविकांनी वाहिलेल्या नोटांनीच झाकून जातो. मैदानाच्या दिवशी हलगी कडाडते, फेटे बांधले जातात, देणगीदारांची नावे ध्वनिक्षेपकावरून पुकारली जातात. पहिल्या क्रमांकाच्या जोडीवर लाखांचे इनाम लागते. जोड बहुधा बाहेरून आणलेली असते. कधी ती चार मिनिटांत निकाली होते, तर कधी तासभर झुंजून बरोबरीत सुटते. गावच्या तालमीतील पोराच्या वाट्याला त्याआधीची दुपारच्या उन्हातली कुस्ती आणि किरकोळ बक्षीस येते.

हा पैसा नसता तर कित्येक मैदाने केव्हाच बंद पडली असती, हे मान्य केले पाहिजे. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता येथे मागणी तमाशगिरीची वाढते आहे आणि पुरवठ्याकडे कोणाचे लक्ष नाही. मल्ल यात्रेच्या दिवशी तयार होत नाही. तो वर्षभराचे दूध, तूप, बदाम, वस्ताद आणि मेहनत यांतून घडतो. हा खर्च रोजचा असतो, आणि रोजच्या खर्चाला फेटा बांधता येत नाही. तो बापाच्या दोन म्हशींवर पडतो. त्या आटल्या की मुलगा तालीम सोडून मामाबरोबर गलाईच्या दुकानात जातो.

परगावी गलाईवाला स्वतः का खेळत नाही, असे विचारणे थोडे निष्ठुरपणाचे ठरेल. भट्टीपुढे आणि तेजाबाच्या धुरात दिवस काढणाऱ्याला परदेशी बँकेतील अधिकाऱ्याची संध्याकाळ कोठली? तथापि कष्टकऱ्याला परगावी खेळ अशक्यच असतो, असेही नाही. याच सातारा-सांगलीचे चाकरमाने मुंबईच्या गिरणगावात दाटीवाटीने राहत होते, आणि पाळी संपवून कबड्डी खेळत होते. त्या गल्ल्यांनी आणि व्यायामशाळांनी नामांकित खेळाडू दिले. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांबरोबर ते जगही ओसरले.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला निघाले, तेव्हाही वर्गणीच गोळा झाली होती. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी आणलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तो पैसा मल्लाच्या हाती लढतीपूर्वी पडला होता. आजचे इनाम लढतीनंतर, आणि तेही आधीच नावारूपाला आलेल्याला मिळते. फरक एवढाच, पण तो मोठा आहे.

शिवाय आता तालमीच्या दाराशी मुलीही उभ्या आहेत. मार्च २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. तिच्या मागून येणाऱ्यांना गादी हवी, वस्ताद हवा, कपडे बदलायला एक बंद खोली हवी. एखाद्या मोठ्या जोडीच्या इनामापुढे ही खोली फार महाग नाही.

यात्रा कमिटीचा जमाखर्च देवळासमोर वाचून दाखविण्याची पद्धत पुष्कळ गावांत आहे. त्यात मंडप, हलगी, फेटे, इनाम अशा रकमा येतात. चैत्रातल्या यात्रांच्या बैठका बसतील तेव्हा परगावच्या वर्गणीदारांनी इनामाच्या चौथ्या हिश्शाइतकी रक्कम 'तालमीचा खुराक' या नावाने वेगळी मांडायला लावावी, आणि पुढल्या वर्षी ती कोणत्या पोरांवर खर्च झाली ते नावानिशी वाचायला सांगावे. पैसा त्यांचा आहे. हिशेब विचारण्याचा अधिकारही त्यांचाच आहे.