मैत्रीचा उंबरठा

दोन राष्ट्रांची मैत्री कशावरून ओळखावी? मुत्सद्दी म्हणतील, करारांवरून. आम्ही म्हणतो, भाड्याच्या खोलीवरून!

भारत आणि टांझानिया यांचा स्नेह जुना आहे. कच्छी व्यापारी आणि गोमंतकीय कारकून पिढ्यान् पिढ्या झांझिबारला नि दारेसलामला नांदले. १९९५ साली भारताने गांधी शांतता पुरस्कार सुरू केला, तेव्हा पहिला मान टांझानियाच्या ज्यूलियस न्येरेरे यांना दिला. २०२३ साली मद्रासच्या आय. आय. टी. ने परदेशातली आपली पहिली शाखा झांझिबारला काढली. याचा अभिमान अवश्य बाळगावा.

पण त्याच टांझानियाची एक विद्यार्थिनी २०१६ च्या जानेवारीअखेर बंगळूरच्या रस्त्यावर जमावाच्या तावडीत सापडली. थोड्या वेळापूर्वी एका सुदानी तरुणाच्या मोटारीखाली एक बाई मरण पावली होती. ती मोटार हिची नव्हती, तो तरुण हिच्या देशाचा नव्हता. वर्ण तेवढा सारखा होता! जमावाने तेवढ्यावर निवाडा केला आणि तिला मारहाण केली. त्याच वर्षी जुलैत आपले पंतप्रधान दारेसलामला गेले; करारांवर सह्या झाल्या. त्या मुलीची विटंबना कोणत्या सहीने पुसली जाणार?

कोणी म्हणेल, १९७१ साली तिकडच्या सरकारने आपल्या लोकांच्या इमारती ताब्यात घेतल्याच ना? घेतल्या, अनेकांनी त्यापायी देशही सोडला. पण तो हिशेब आपण त्या वेळी जन्मालाही न आलेल्या पोरीकडून वसूल करायचा?

आणि बंगळूरला नावे ठेवून आपण सुटत नाही. आफ्रिकेतली मुले पुण्यातही शिकायला येतात. 'खोली आहे का?' या प्रश्नाचे उत्तर आपण त्यांचा चेहरा पाहून देतो की काय, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. आपला मुलगा परदेशी गेला की तिथल्या घरमालकिणीने त्याच्याशी मायेने वागावे, ही आपली अपेक्षा. मग आपल्या दारी आलेले पोरही कुणा आईचेच ना?

दिल्लीने जोडलेली मैत्री पाळायची असते गल्लीने. यंदा फराळाची ताटे शेजारीपाजारी धाडाल, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या त्या परदेशी पोराचीही कडी वाजवा. त्या दारापर्यंत न पोचलेली मैत्री कागदावरच राहिली, असे खुशाल समजा!