न धावण्याचा निर्णय

२०१७च्या ऑक्टोबरमध्ये हवाई बेटांवरील कोना येथे आयर्नमॅन जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू होती. समुद्रात ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल चालवणे आणि त्याला जोडूनच ४२.२ किलोमीटर धावणे, असे या ट्रायथलॉनचे स्वरूप. आदल्या दोन वर्षांचा विजेता, जर्मनीचा यान फ्रोडेनो, धावण्याच्या टप्प्यात पाठीच्या वेदनेने जायबंदी झाला. थांबत, चालत, पुन्हा धावत त्याने ९ तास १५ मिनिटांत अंतिम रेषा गाठली. विजेता त्याच्या तासाभराहून अधिक आधी पोहोचला होता. तरीही फ्रोडेनोच्या जिद्दीचे कौतुक झाले आणि ते योग्यही होते.

पुढच्या वर्षी तो ऐन बहरात होता. सप्टेंबर २०१८च्या आरंभी त्याने दक्षिण आफ्रिकेत अर्ध्या अंतराची जागतिक स्पर्धा जिंकली. त्यानंतर कंबरेच्या भागातील हाडाला अतिताणामुळे तडा गेल्याचे निष्पन्न झाले आणि कोनाची स्पर्धा तोंडावर आलेली असताना त्याने माघार घेतली. या निर्णयाला टाळ्या कोण वाजवणार? २०१९ साली मात्र तोच फ्रोडेनो कोनाला परतला आणि ७ तास ५१ मिनिटे १३ सेकंद अशा तेव्हाच्या विक्रमी वेळेत जिंकला. या दोन निर्णयांत अधिक धैर्याचा कोणता, असे विचारले तर उत्तर दुसऱ्याच्या बाजूने द्यावे लागेल. अमेरिकेच्या मार्क ॲलनने १९८९ ते १९९३ अशी सलग पाच वर्षे कोना जिंकल्यावर १९९४ साली तेथे उतरण्याचे टाळले. १९९५मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, सायकलच्या टप्प्याअखेर तेरा मिनिटांहून अधिक मागे असूनही त्याने सहावे विजेतेपद मिळवले.

विश्रांती म्हणजे सरावाचा अभाव, ही समजूत मुळातच चुकीची आहे. शरीर सरावाच्या वेळी थकते. बळकट होते ते नंतरच्या विसाव्यात. त्यातही सर्व अवयवांची गती सारखी नसते. दमसास काही आठवड्यांत वाढतो, हाडे आणि स्नायुबंध मात्र मागे राहतात. ताण पडलेल्या हाडातील जुना भाग आधी झिजतो आणि नवा भाग भरून यायला काही महिने लागतात. नेमक्या याच मधल्या काळात, 'आता दम लागत नाही' म्हणून अंतर वाढवले जाते आणि हाड दगा देते. वाग्भटाने व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा असे सांगितले आहे. अर्ध्या शक्तीने १८० किलोमीटर सायकल कोणी चालवणार नाही, हे खरे. पण उरलेली अर्धी शक्ती कशासाठी राखायची, हा प्रश्न तरी त्या वचनामुळे पडावा.

२०१९ साली गोव्यात अर्ध्या अंतराची आयर्नमॅन स्पर्धा सुरू झाली आणि पुणे, नाशिक, कोल्हापूर येथील चाळिशीतल्या नोकरदारांना हे वेड आवाक्यात आले. पहाटे चारला उठून तलाव गाठणारी ही माणसे कौतुकास पात्रच आहेत. अडचण वेगळी आहे. प्रवेशशुल्क कित्येक महिने आधी भरलेले असते, रजा मंजूर झालेली असते, आप्तेष्टांना कळवून झालेले असते. अशा वेळी चार दिवस आधी ताप आला, तर गोळी घेऊन उतरायचे हे जवळजवळ ठरलेलेच! विषाणूजन्य तापात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि त्या अवस्थेतील अतिश्रम जिवावर बेतू शकतात. शरीरातील पाणी कमी झालेले असताना घेतलेल्या काही वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात. ही जोखीम एकट्या खेळाडूची नसते. घरी त्याची मुले आहेत, वृद्ध आईवडील आहेत. ती गोळी गिळताना पत्नीने पाहिलेले असते आणि 'एवढे पैसे भरलेत' म्हणून तीही गप्प बसलेली असते.

याचा अर्थ प्रत्येक ठणक्याला शरण जावे असा नव्हे. स्पर्धेच्या आदल्या रात्री झोप न लागणे, पोटात गोळा येणे, पाय जड वाटणे हे सर्वांनाच होते. अशी धास्ती पाण्यात उतरल्यावर बहुधा ओसरते. खरी दुखापत मात्र प्रत्येक किलोमीटरला वाढत जाते आणि चाल बदलायला लावते. पहाटे अंथरुणातच मोजलेली नाडी नेहमीपेक्षा सलग काही दिवस जलद असेल, झोप उडालेली असेल, चिडचिड वाढलेली असेल, तर मोठा सराव पुढे ढकलावा. ताप असेल, लंगडत चालावे लागत असेल, तर चर्चेलाच वाव नाही. आणि हा कौल एकट्याने देऊ नये. घरच्या माणसाला, प्रशिक्षकाला नकाराधिकार आधीच देऊन ठेवावा, कारण ऐन वेळी स्वतःची बुद्धी स्वतःच्या इच्छेची वकिली करते.

स्पर्धा आटोपली की गावोगावी पदकविजेत्यांचे सत्कार होतात, फलक लागतात. निकालपत्रात ज्यांच्या नावापुढे 'सुरुवात केली नाही' अशी नोंद असते, ते त्या दिवशी घराबाहेरही पडत नाहीत. सायकल क्लबांनी पुढच्या सत्काराच्या वेळी त्यांनाही बोलवावे आणि का थांबले ते चार शब्दांत सांगायला लावावे. नव्या मुलांना ते ऐकायची गरज आहे.