विश्लेषण : मणक्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया किती फायद्याची?

‘मणक्यात गॅप आहे, दुर्बिणीतून ऑपरेशन करून टाका, दुसऱ्या दिवशी घरी,’ असा सल्ला हल्ली सर्रास ऐकू येतो. छोट्या छेदाची गोष्ट खरी आहे. जुन्या पद्धतीत पाठीचे स्नायू हाडापासून सोडवावे लागतात. नव्या पद्धतीत सुमारे दोन सेंटिमीटरच्या छेदातून स्नायूंचे तंतू विलग करत नळी आत सरकवतात आणि सूक्ष्मदर्शक किंवा दुर्बिणीतून पाहत काम होते. स्नायूंना इजा कमी, रक्तस्रावही कमी.

आतले काम मात्र तेच : चकतीचा बाहेर सरकलेला तुकडा काढून नस मोकळी करणे. नेदरलँड्समध्ये ३२८ सायटिका रुग्णांवर झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नळीची पद्धत वर्षभरानंतर नेहमीच्या मायक्रोडिसेक्टॉमीपेक्षा सरस ठरली नाही. उलट पायाचे व कंबरेचे दुखणे त्या गटात किंचित जास्त राहिले.

मग खरा प्रश्न छेदाचा नाही, शस्त्रक्रिया हवी का, हा आहे. चकती सरकून पायात येणारी कळ बहुतेकांची सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना ओसरते. एमआरआयमध्ये फुगलेली चकती तर काहीच न दुखणाऱ्या अनेकांतही दिसते. त्यामुळे ‘माझे दुखणे आणि हे चित्र जुळते का?’ हे डॉक्टरांना आधी विचारावे.

लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याची जागा बधिर झाली, पाऊल लुळे पडू लागले, तर मात्र वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.