चकचकीत डबा

भावाचा नातू पुण्याहून आला होता. सुपरचार्जर बसवलेली गाडी तो कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर पळवायला नेतो. (आमच्या वेळी सायकलला डायनामो बसवला तरी गल्ली बघायला यायची!) आता तिला ऑइल कॅच कॅन, म्हणजे तेल अडवणारा डबा बसवायचाय. एक चकचकीत, आतून पोकळ डबा त्याने दाखवला. मी म्हटलं, हा घेऊ नकोस.

त्यानेच मला समजावलं होतं की पिस्टनच्या कडेने निसटलेला वायू तेलाचे कण घेऊन परत इंजिनात शिरतो, आणि मग इंजिन ठोके देतं. ते कण पोकळ डब्यात थांबणार कसे? साखर कारखान्यात (तो तर आमच्या श्रीपूरच्या पाचवीलाच पुजलेला!) रस आटवताना वाफेबरोबर उडणारे थेंब वाटेत आडोसे घालून अडवतात. डब्यातही तशी जाळी हवीच. दाब चढला की एका वाटेची झडप मिटते आणि वायू दुसऱ्या नळीने सुपरचार्जरच्या अलीकडे येतो, म्हणून डबा त्या नळीवर. नळी अरुंद नको, दाब कोंडून ऑइल सील गळू लागतात.

"आजोबा, जाळीचा घेतो, पण रंग लालच हं!"