विजेचे स्पंद आणि ‘औषधाविना’चा दावा

‘स्तनाच्या कर्करोगाला आता केमोथेरपी नको, विजेचे झटके पुरेत’ हा दावा केस गळणे, उलट्या आणि अशक्तपणा यांनी धास्तावलेल्या बाईला पटला तर नवल नाही. म्हणूनच तो नीट तपासायला हवा.

आधी त्यातले खरे पाहू. पेशीचे पटल जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीचे. तीव्र विद्युतक्षेत्राच्या क्षणिक स्पंदांनी त्याला सूक्ष्म छिद्रे पडतात. स्पंद बेताचे असले तर छिद्रे बुजतात. जोरदार आणि पुष्कळ असले तर पेशी सावरत नाही, मरते. या दुसऱ्या मार्गाने औषधाशिवाय गाठ मारता येईल, असे दावालोस, मीर आणि रुबिन्स्की या संशोधकांनी २००५ मध्ये मांडले. २०१० मध्ये उंदरांत वाढवलेल्या मानवी स्तनगाठींवर हा प्रयोग झाला आणि बहुतेक गाठी पूर्ण विरल्या. तेव्हा याला थोतांड म्हणणारेही चुकतातच.

पण गाठ गेली म्हणजे रोग गेला असे नाही.

हे वैद्यकाने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. पूर्वी शल्यविशारद हॉलस्टेड यांच्या पद्धतीने स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसीकाग्रंथीही काढत. बर्नार्ड फिशर यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या चाचणीत, पंचवीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही, एवढ्या काटछाटीने आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. रोगाच्या पेशी अनेकदा आधीच दूरवर पोचलेल्या असतात. याउलट जियानी बोनाडोना यांनी १९७६ मध्ये मिलानमधून दाखवले, की काखेत रोग पोचलेल्या स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर तीन औषधे दिली तर तो उलटण्याचे प्रमाण बरेच घटते. हाडात किंवा यकृतात दडलेल्या पेशीला वीज देण्यासाठी स्तनात खुपसलेल्या सुया गाठणार कशा? सुरीला जे साधले नाही, ते केवळ हत्यार बदलल्याने साधणार नाही.

शिवाय स्तनाच्या कर्करोगात विद्युतस्पंदांच्या तंत्राचा सर्वांत भक्कम पुरावा औषधासह वापराचाच आहे. ब्लिओमायसिन हे औषध एरवी पेशीत सहज शिरत नाही. स्पंदांनी दार उघडले की त्याची मारकता शेकडो पटींनी वाढते. फ्रान्समधल्या विलजुईफ येथे लुई मीर आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत रुग्णांपर्यंत नेली. प्रत्येकी १०० मायक्रोसेकंदांचे आठ स्पंद, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ वीज. छातीच्या त्वचेवर उलटलेल्या, रक्त येणाऱ्या, दुर्गंधी सुटणाऱ्या गाठींना यातून उतार पडतो. ब्रिटनच्या नाइस संस्थेनेही २०१३ मध्ये त्वचेतल्या अशा गाठींसाठी या उपचाराला अनुकूल मार्गदर्शन दिले. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार दोन्ही थकलेल्या बाईसाठी हा दिलासा लहान नाही.

या तंत्राची खरी बाजू घ्यायची तर त्याच्या चाचण्या मागाव्यात: लहान गाठीत सुरीऐवजी ते चालेल का, स्नायूंचे आकुंचन आणि हृदयाची लय सांभाळून ते किती सुरक्षितपणे देता येईल, स्तनाचा आकार किती टिकेल. याची उत्तरे मोठ्या चाचण्यांतून मिळेपर्यंत, ‘औषधाविना’ या एका शब्दावर कुणा बाईला ठरलेली केमोथेरपी किंवा हार्मोनच्या गोळ्या सोडायला लावणे हा तिच्या जिवाशी केलेला अपराध आहे.