होमबिल्ट विमानाचं इंजिन हवेत दम का सोडतं? शोध टाकीपासून सुरू करा

अमेरिकेत २२ ऑक्टोबर २०२५ पासून स्पोर्ट पायलट लायसन्स असलेल्यांना आधीपेक्षा जड आणि वेगवान विमानं उडवता येऊ लागली. एफएए, म्हणजे तिथलं विमान वाहतूक प्रशासन, यांनी जुलैमध्ये जाहीर केलेल्या 'मोझेक' नियमांचा हा पहिला टप्पा. पूर्वी या लायसन्सवर विमानाच्या वजनाची मर्यादा होती, साधारण ६०० किलो. आता वजनाऐवजी स्टॉल स्पीड बघतात, म्हणजे पंखांना विमान पेलता येईल असा किमान वेग. तो ५९ नॉट्स, म्हणजे ताशी सुमारे १०९ किलोमीटरपर्यंत असला की झालं. स्वतंत्र वैद्यकीय प्रमाणपत्राऐवजी बहुतेकांना ड्रायव्हिंग लायसन्सही चालतं.

या व्याख्येत अनेक होमबिल्ट विमानं बसतात. त्यामुळे कुणीतरी गॅरेजमध्ये बांधलेलं जुनं विमान विकत घेऊन उडवणाऱ्यांची संख्या वाढेल, असा माझा अंदाज आहे. नियम पंखांची कुवत मोजतो, ते ठीकच आहे. पण होमबिल्ट विमानाची नाजूक जागा बऱ्याचदा टाकी आणि इंजिन यांच्या मधल्या दोन-तीन मीटर नळीत असते. तिच्याबद्दल नव्या मालकाला काय माहीत आहे, हे स्टॉल स्पीडवरून कळत नाही.

आधी होमबिल्ट म्हणजे काय ते बघू

कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव आठवतात? २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात त्यांचं विमान लोकांनी पाहिलं होतं. आपल्याकडे ती अपवादाची गोष्ट. अमेरिकेत मात्र अशी हजारो विमानं आहेत. अट एवढीच, की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं हवं. इंजिन तयार आणता येतं. पण टाकी कुठे बसवायची, नळी कुठून न्यायची, कॉक कुठे लावायचा, हे बांधणाराच ठरवतो. म्हणून एकाच आराखड्यावरून बांधलेली दोन विमानं आतून सारखी असतीलच असं नाही.

अपघातांचा हिशोब

एनटीएसबी या अमेरिकी अपघात तपास संस्थेने २०१२ मध्ये होमबिल्ट विमानांचा खास अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी आणि हौशी उड्डाणांच्या ताफ्यात अशी विमानं जेमतेम १० टक्के, पण २०११ च्या अपघातांत त्यांचा वाटा १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के होता. घरी बांधलेलं विमान म्हटलं की पंख तुटण्याची भीती वाटते. प्रत्यक्षात रचना तुटण्याचे प्रकार कमी होते. प्रमुख कारणं दोन: इंजिनाची ताकद जाणं आणि विमानावरचा ताबा सुटणं. त्या वर्षी अपघात झालेल्या होमबिल्ट विमानांपैकी निम्म्याहून जास्त विमानं वापरलेली, म्हणजे दुसऱ्याकडून विकत घेतलेली होती.

ही दोन्ही कारणं एकत्र कशी येतात, याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे गायक जॉन डेन्व्हर. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ त्यांचं लाँग-ईझी विमान समुद्रात कोसळलं. ते त्यांनी नुकतंच वापरलेलं विकत घेतलं होतं. मूळ आराखड्यात टाकी बदलण्याचा कॉक पायलटच्या पुढ्यात, दोन पायांच्या मध्ये आहे. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे बसवला होता, आणि त्यावर खुणाही नव्हत्या. जुन्या स्कूटरचा कॉक 'रिझर्व्ह'ला लावायला आपण चालवता चालवता खाली हात घालायचो, तसंच हे काम. फक्त इथे अख्खं अंग मागे वळवावं लागायचं. तासाभराचीच फेरी आहे म्हणून उड्डाणाआधी इंधन भरून घेतलं नव्हतं. तपासाचा निष्कर्ष असा, की कॉक फिरवण्याच्या धडपडीत उजवं रडर दाबलं गेलं आणि ताबा सुटला.

बिघाड शोधायचा कसा?

इंजिनाला इंधन, हवा आणि ठिणगी या तीन गोष्टी लागतात. ताकद जाते तेव्हा यातलं काय कमी पडलं, हे इंजिन ज्या तऱ्हेने दमतं त्यावरून बरंच कळतं.

आचके देत, मध्येच सावरत बंद पडलं, तर पहिला संशय इंधनाच्या पुरवठ्यावर. टाकीत हवा येण्याचं भोक बुजलं तर आत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल खाली येईना होतं. बांधकामाच्या वेळचा फायबरचा भुसा किंवा सीलंटचे तुकडे फिल्टरमध्ये अडकतात. नळी गरम एक्झॉस्टजवळून गेली असेल तर आतलं पेट्रोल उकळून वाफेचे बुडबुडे वाट अडवतात.

आरपीएम हळूहळू उतरत गेला, तर कार्बोरेटरमधला बर्फ आठवा. बाहेर २५ अंश तापमान असलं तरी हा बर्फ होऊ शकतो, कारण पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद जागेतून जाताना आतलं तापमान २० अंशांहून जास्त घसरू शकतं. हवा जितकी दमट तितका धोका जास्त. आणि एका क्षणात सगळंच थांबलं, तर इग्निशनकडे बघा. मोटारीवरून घेतलेल्या किंवा इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनांना ठिणगीसाठी आणि पंपासाठी वीज लागते. त्यांच्यात बॅटरीची एक सैल तारही पुरते.

खरी अडचण पुढेच आहे. बर्फ वितळतो, वाफ विरते, आणि विमान उतरल्यावर इंजिन शहाण्यासारखं चालतं. मग मालक म्हणतो, "आता ठीक आहे, एक चक्कर मारून बघू." मला यातला सर्वांत धोकादायक शब्द 'ठीक' वाटतो. जमिनीवर, नाक सपाट ठेवून, दोन मिनिटं चालवलेल्या इंजिनाने चढाईबद्दल काहीच सिद्ध केलेलं नसतं. चढताना नाक वर असतं, इंधनाची मागणी सर्वाधिक असते आणि बॉनेटखाली उष्णता साठलेली असते.

म्हणून चाचणीही तशीच हवी. नाक चढाईच्या कोनात उचलायचं, टाकीत अगदी थोडं इंधन ठेवायचं, कार्बोरेटरजवळ नळी सोडवून घड्याळ लावून मोजायचं. रूढ निकष असा: इंधन नुसत्या गुरुत्वाकर्षणाने येत असेल तर टेकऑफच्या गरजेच्या १५० टक्के, पंपाने येत असेल तर १२५ टक्के. समजा, इंजिन पूर्ण ताकदीला तासाला ४० लिटर पितं. मग पहिल्या प्रकारात मिनिटाला १ लिटर पडलं पाहिजे. एनटीएसबीने २०१२ मध्ये मागणी केली होती ती याच प्रकारच्या, कागदावर नोंदवलेल्या इंधन चाचणीची.

आता इंधनही बदलतंय

विमानांचं १०० एलएल पेट्रोल शिसंयुक्त आहे. ते २०३० अखेर हद्दपार करण्याचं उद्दिष्ट अमेरिकेने ठेवलंय. शिसं जायलाच हवं, यात वाद नाही. पण २०२३ मध्ये नॉर्थ डकोटा विद्यापीठाच्या वैमानिक प्रशिक्षण विभागाने शिसं नसलेलं ९४ ऑक्टेन इंधन वापरून पाहिलं आणि काही महिन्यांतच थांबवलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट झिजताना दिसल्या होत्या. विद्यापीठाकडे नियमित मोजमाप करणारे मेकॅनिक होते, म्हणून ते वेळेत लक्षात आलं. एकट्या मालकाकडे हे मोजमाप कोण करणार?

भारतातल्या वाचकांसाठी याची आवृत्ती म्हणजे ई२०. हलक्या विमानांत लोकप्रिय असलेलं रोटॅक्स ९१२ मोटारीच्या पेट्रोलवर चालतं, पण कंपनीची इथेनॉलची मर्यादा १० टक्के आहे. आपल्या पंपांवर आता २० टक्के मिश्रण मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि त्यासाठी न बनवलेल्या रबरी नळ्या, सील, फायबरच्या टाक्या यांना ते मानवत नाही. गाडी बंद पडली तर आपण ती कडेला घेतो. विमानाला ती सोय नाही.

नियम सैल झाले याला माझा विरोध नाही. पण वापरलेलं होमबिल्ट घेणाऱ्याने रंग आणि डॅशबोर्डवरचे स्क्रीन बघण्याआधी तीन कागद मागावेत: इंधन प्रवाहाच्या चाचणीची नोंद, टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळ्यांचा हाताने काढलेला का होईना पण नकाशा, आणि आजवर कोणतं इंधन वापरलं त्याचा तपशील. बांधणाऱ्याला हे सगळं तोंडपाठ असतं, पण विमान विकलं की ती माहिती त्याच्यासोबतच राहते. हे कागद नसतील, तर विमान हँगरमध्येच ठेवून ते आधी तयार करून घ्यावेत आणि मगच पहिलं उड्डाण करावं.